कर्नाक पूल (सिंदूर पूल), मुंबई

दक्षिण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस व मस्जिद या स्थानकांदरम्यान मध्य रेल्वेवरून जाणारा रस्तापूल. पूर्वेचा पी. डि'मेलो मार्ग व बंदर परिसर त्याने पश्चिमेच्या लोकमान्य टिळक मार्गाशी आणि क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारपेठेशी जोडला आहे.

जुने नाव मुंबईचे गव्हर्नर (१८३९–४१) सर जेम्स रिवेट कर्नाक यांच्यावरून आले. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईत रेल्वे नव्हती; त्यामुळे ते पुलाला थेट न मिळता लगतच्या कर्नाक बंदरावरून व रस्त्यावरून मिळाले असावे. बांधणीच्या सालाबद्दल एकवाक्यता नाही. पुलाच्या दगडांवर इंग्रजी, देवनागरी व गुजराती अक्षरांत नाव असून त्यासोबत १८५८ हे साल आढळते. रेल्वेच्या हिशेबात मात्र पूल १८६८ चा धरला जातो. दगडावरचे साल पायाचे किंवा आधीच्या एखाद्या बांधकामाचे असू शकते. पूल वापरात येण्यासाठी १८६८ च्या सुमाराचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. हे दगड म्हणजे वादातला मूळ पुरावा असल्याने त्यांचे जतन आवश्यक आहे.

पूल कमकुवत झाल्याने अवजड वाहनांना आधीच मज्जाव होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे २७ तासांच्या मेगाब्लॉकमध्ये (कामासाठी रेल्वे वाहतूक बंद ठेवण्याच्या काळात) रुळांवरील भाग उतरवला गेला. त्या काळात मुख्य मार्गावरील लोकल भायखळ्यापर्यंत व हार्बरच्या वडाळ्यापर्यंतच धावत होत्या. अशा पाडकामात डांबर व काँक्रीटचा थर आधीच खरवडून पुलाचे वजन कमी करतात. ब्लॉक सुरू होताच ओव्हरहेड वायरमधील २५,००० व्होल्टचा पुरवठा तोडून अर्थिंग करतात (तार जमिनीशी जोडून उरलेली वीज जमिनीत सोडतात) आणि वायर बाजूला घेतात. मग तुळया गॅस कटरने कापून क्रेनने उचलतात. क्रेनच्या पायाखाली जुनी जलवाहिनी किंवा गटार असेल, तर भाराने जमीन खचू शकते. म्हणून ती जागा आधी तपासावी लागते. शेवटी वायर पुन्हा ओढून तिची उंची मोजल्याशिवाय गाडी सोडत नाहीत.

नव्या पुलासाठी सुमारे ७० मीटर लांबीच्या, प्रत्येकी साधारण ५५० टनांच्या दोन पोलादी तुळया वापरल्या आहेत. एवढी तुळई रुळांच्या कडेला जोडून, तात्पुरत्या आधारांवरून इंचाइंचाने पुढे सरकवतात. दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहिली नाही की ती तिरकी होते. सरळ करण्यात ब्लॉकची वेळ उलटते आणि सकाळच्या लोकल अडकतात. जागेवर आल्यावर ती जॅकने बेअरिंगवर (तुळईचा भार पेलणाऱ्या आधारांवर) उतरवतात, त्यानंतर स्लॅब, रस्ता व भारचाचणी.

खरी अडचण जोडरस्त्यांची. विजेच्या तारांसाठी नवा पूल रुळांपासून साधारण साडेसहा मीटर उंच ठेवावा लागतो. १:३० चढ धरल्यास पुलाच्या प्रत्येक जादा मीटर उंचीमागे जोडरस्ता ३० मीटरने लांबतो आणि शहराच्या या भागात तेवढ्या अंतरात दुकाने, चाळी व गल्ल्यांची तोंडे येतात. येथील एकूण ३२८ मीटरपैकी बहुतांश लांबी जोडरस्त्यांचीच आहे. महापालिकेने बांधलेला हा पूल १० जुलै २०२५ रोजी 'सिंदूर पूल' या नावाने खुला झाला.

जवळच्या हँकॉक पुलाची अवस्था अधिक बिकट झाली. तो जानेवारी २०१६ मध्ये पाडला. पर्यायी पादचारी पूल नसल्याने रहिवासी व शाळकरी मुले रूळ ओलांडू लागली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जोडरस्त्याच्या वाटेतील इमारतींमुळे २०२२ मध्ये चारपैकी दोनच मार्गिका सुरू करता आल्या.