ॲम्ब्युलन्स धक्क्यावर उभी करून भागत नाही: पॉवरबोट रेसची मेडिकल तयारी

मार्च 2017 मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटची रेस झाली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल. मग नोव्हेंबर 2018 मध्ये आंध्रात अमरावतीजवळ कृष्णा नदीत एफ-वन एच-टू-ओ झाली, म्हणजे पाण्यावरची फॉर्म्युला वन. तेव्हापासून आमच्या नवी मुंबईत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, एवढी मोठी खाडी पडलीये, बेलापूर-नेरूळला जेट्टी आहे, इथे का नाही करत? करा ना, मला पण बघायला आवडेल. पण मी ऐरोलीला सोसायट्यांमध्ये सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत, शिकवते, त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की बोट उलटली तर माणसापर्यंत किती सेकंदात कोण पोचणार? मिनिटात नाही विचारत, सेकंदात.

आधी बोट कशी असते ते बघू. एफ-वनची बोट साधारण 6 मीटर लांब, वजन 400 किलोच्या आसपास आणि मागे 400 हॉर्सपॉवरचं इंजिन. ताशी 200 किलोमीटरच्या वर पळते, म्हणजे सेकंदाला 55 मीटर. दोन बाजूंना दोन पाय आणि मधे बोगदा अशी तिची बांधणी असते, वेग वाढला की बोगद्यात हवा दाबली जाते आणि ती हवा बोटीला वर उचलते, पाण्याला टेकलेला भाग अगदी थोडा राहतो, म्हणूनच एवढा स्पीड मिळतो. पण हीच गोष्ट घातक पण आहे. एखादी लाट आली, वाऱ्याचा झोत समोरून आला, नाक थोडं जास्त वर गेलं की खालून हवा आणखी जोरात ढकलते, नाक अजून वर जातं, आणि एका क्षणात पूर्ण बोट हवेत कोलांटी घेऊन उलटी पडते. खाली पाणी आहे म्हणजे मऊ पडेल असं वाटतं, पण पाणी हवेपेक्षा जवळपास 800 पट घन असतं आणि या वेगात त्याला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, त्यामुळे आपटल्याचा मार जमिनीसारखाच बसतो.

या खेळाने फार माणसं गमावली आहेत. 4 जानेवारी 1967 ला इंग्लंडच्या कॉनिस्टन तळ्यावर वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड ही बोट ताशी 450 किलोमीटरच्या पुढे असताना अशीच हवेत गेली, त्याचा मृतदेह मिळायला 2001 साल उजाडलं. 1987 मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटजवळ दिदिए पिरोनी, जो आधी मोटारींच्या फॉर्म्युला वनमध्ये होता, एका टँकरच्या लाटेवर बोट आदळून दोन साथीदारांसह गेला. 1990 मध्ये मोनॅकोच्या राजकन्येचा नवरा स्टेफानो कासिरागी रेसमध्येच गेला.

मग सुधारणा झाल्या. ख्रिस हॉजेस नावाच्या ब्रिटिश डिझायनरने 1980 च्या दशकात ड्रायव्हरभोवती मजबूत कॉकपिट बसवायला सुरुवात केली, बाकी बोटीचे तुकडे झाले तरी ड्रायव्हर बसलाय तो भाग शाबूत राहावा म्हणून. त्याआधी ड्रायव्हर बोटीतून बाहेर फेकला जाईल तेच बरं असं मानायचे. आता त्याला पट्ट्यांनी घट्ट बांधतात, मानेला हॅन्स नावाचं उपकरण असतं ज्याने डोकं झटक्यात पुढे जात नाही. जीव वाचायला लागले खरे, पण एक नवीन प्रश्न पण आला: माणूस जिवंत आहे, कदाचित शुद्धीत पण आहे, पण पाण्याखाली उलटा, सीटला बांधलेला.

याच्यावर उपाय म्हणजे टर्टल टेस्ट. स्विमिंग पूलमध्ये खोटं कॉकपिट ठेवतात, ड्रायव्हरला हेल्मेट घालून पट्टे लावून त्यात बसवतात आणि सरळ उलटं करतात. बाजूला डायव्हर उभे असतात. उलटं झाल्यावर नाकात पाणी जातं, वर कुठे खाली कुठे काही कळत नाही, आणि घाबरून माणूस आधी पट्टाच ओढायला जातो. शिकवतात ते असं की आधी हलणं थांबू दे, एका हाताने बोटीचा एक ठरलेला भाग घट्ट धरून ठेव, दुसऱ्या हाताने पट्टा सोड आणि मग जो भाग धरलाय त्याच्या अंदाजाने बाहेर पड. हात सुटला की दिशा सुटली. या टेस्टमध्ये पास झाल्याशिवाय रेसला उतरू देत नाहीत. पनवेलला ओएनजीसीत कामाला असणारं कोणी ओळखीचं असेल तर विचारा, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांना याच धर्तीचं ट्रेनिंग असतं.

पण ड्रायव्हर बेशुद्ध असेल तर टर्टल टेस्टचा काय उपयोग? इथे रेस्क्यू बोट लागते, आणि ती रेसच्या ट्रॅकलगत पाण्यातच, इंजिन चालू ठेवून उभी लागते, वेटसूट घातलेले डायव्हर कडेला बसलेले. अपघात दिसला की लाल झेंडा, रेस बंद, आणि डायव्हर थेट पाण्यात. कारण शरीराचं घड्याळ फार निर्दयी आहे. तोंड पाण्याखाली गेल्यावर माणूस थोडा वेळ श्वास रोखतो, मग तो सुटतो, पाणी आत जातं, एक-दोन मिनिटांत शुद्ध जाते, त्यानंतर हृदय मंद होत होत थांबतं. मेंदूला ऑक्सिजन नसेल तर चार ते सहा मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. रस्त्यावरच्या अपघातासाठी आपण गोल्डन अवर म्हणतो, एक तासात हॉस्पिटल गाठा. इथे तासाचा हिशोब कामाचाच नाही, उपचार पाण्यात असतानाच सुरू व्हायला पाहिजेत, चांगले ट्रेन केलेले डायव्हर तर तरंगत्या माणसाला तिथेच तोंडाने श्वास देतात.

आणि हा श्वासाचा मुद्दा मला जरा सविस्तर सांगायचाय, कारण क्लासमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हार्ट अटॅकने कोसळलेल्या माणसाच्या रक्तात अजून ऑक्सिजन असतो, म्हणून तिथे छाती दाबायला लागा असं सांगतात. बुडालेल्या माणसाचं हृदय थांबतं तेच मुळी ऑक्सिजन संपल्यामुळे, मग नुसती छाती दाबून तुम्ही रिकामं रक्त फिरवणार. म्हणून बुडालेल्याला आधी श्वास द्यायचे, युरोपातल्या पद्धतीत पाच, अमेरिकेतल्या पद्धतीत दोन, मग 30 वेळा छाती दाबणं आणि दोन श्वास असं चालू ठेवायचं. तोंडातून पांढरा फेस येतो, कधीकधी भरपूर येतो, तो पुसत बसायचं नाही, त्यातूनच श्वास देत राहायचं. आणि पोट दाबून पाणी काढायचं नाही, पाय धरून उलटं तर अजिबातच करायचं नाही. पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि होतं त्याहून वाईट होतं. सीपीआरला आलेल्या प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी सरावाच्या पुतळ्याच्या पोटावर हात ठेवतंच, आपल्याकडे ते इतकं मुरलंय.

रेसमध्ये त्यात मानेची भानगड असते. साधं पोहताना बुडालेल्या माणसाची मान सहसा मोडलेली नसते, पण 200 च्या वेगाने आपटलेल्याची मोडलेली असू शकते असं धरूनच चालावं लागतं. हेल्मेट काढताना एकजण खालून मान आणि जबडा धरतो, दुसरा हेल्मेट हळूहळू सरकवतो, मग खाली फळी सरकवून माणसाला आडवाच बोटीत घेतात. पण श्वास चालत नसेल तर मान सांभाळत बसून श्वासाला उशीर करायचा नाही, श्वास पहिला, मान सांभाळून जमेल तेवढी. हे ठरवायला तिथे अनुभवी माणूस लागतो. प्रोपेलरने हातपाय कापले असतील तर रक्त थांबवायचा करकचून आवळायचा पट्टा बोटीवरच पाहिजे. शॉक द्यायचं मशीन असेल तर लावायच्या आधी छाती कोरडी पुसायची. आणि जो बाहेर येऊन मी ठीक आहे म्हणतो त्यालाही काही तास नजरेखाली ठेवायचं, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याने आतला पातळ थर धुतला जातो आणि त्रास नंतर वाढू शकतो. आपल्या खाडीत सांडपाणी येतं, त्यामुळे इन्फेक्शनचा धोका वेगळाच, डॉक्टरला कुठल्या पाण्यात पडला ते आवर्जून सांगायचं.

आता खाडीचं बोलू. युरोपातल्या तळ्यावर बसवलेला प्लॅन इथे जसाच्या तसा चालणार नाही, कारण आपल्याकडे भरती-ओहोटी आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्याला पाण्याच्या पातळीत 4 मीटरच्या वर फरक पडतो. भरतीला जिथे बोट सहज लागते तिथे ओहोटीला नुसता गाळ, पाय मांडीपर्यंत रुततो, आणि ठाण्याच्या दिशेने वर जाल तसा तो वाढत जातो. वरचा भाग तर फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत पण आहे, तिथे रेसचा विचारसुद्धा करू नये. खालच्या बाजूला, समजा बेलापूरजवळ केली, तरी पेशंट बोटीतून जेट्टीवर कसा चढवणार? शेवाळलेल्या पायऱ्यांवरून फळीवर बांधलेला माणूस चौघांनी उचलायचा म्हणजे उचलणारेच घसरतील. तरंगता प्लॅटफॉर्म पाहिजे, जो पाण्याबरोबर वर-खाली होतो. कुठल्या वेळी कुठली वाट बोटीला मोकळी असते हे दिवाळे, सारसोळे गावांतल्या कोळी मंडळींना झोपेत विचारलं तरी सांगतील, त्यांना प्लॅनिंगच्या पहिल्या मीटिंगला बोलवा, शेवटच्या दिवशी सत्काराला नको.

18 डिसेंबर 2024 कोणी विसरलं नसेल. गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल फेरीबोटीवर इंजिनची ट्रायल चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 माणसं गेली. ती रेस नव्हती, पण वेगात असलेली बोट आणि पाण्यात पडलेली माणसं हा प्रश्न तोच. तेव्हा बरेच जण वाचले ते आसपास असलेल्या बोटी लगेच तिथे पोचल्या म्हणून.

प्रेक्षकांचं पण आहेच. उन्हात तासन्‌तास उभी गर्दी, चक्कर येणार, कोणाला छातीत दुखणार, त्यांच्यासाठी वेगळी टीम आणि वेगळी ॲम्ब्युलन्स हवी. ड्रायव्हरसाठी ठेवलेली ॲम्ब्युलन्स प्रेक्षकाला घेऊन गेली तर ती परत येईपर्यंत रेस थांबली पाहिजे, आयोजक कितीही कुरकुरले तरी. पाम बीच रोडची एक लेन पोलिसांनी रिकामी ठेवायची, आणि ज्या हॉस्पिटलला पेशंट जाणार तिथल्या कॅज्युअल्टीला आदल्या दिवशी फोन जायला हवा की उद्या बुडालेला आणि मान मोडलेला असा एकच माणूस तुमच्याकडे येऊ शकतो.

परवानगी देणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की कागदावरची यादी बघू नका. रेसच्या आठवडाभर आधी, ओहोटीच्या वेळी, 70 किलोचा पुतळा पट्टे लावून उलट्या कॉकपिटमध्ये ठेवा, ट्रॅकच्या सगळ्यात लांबच्या टोकाला, कोणाला न सांगता. मग शिट्टी वाजवा आणि पुतळ्याला पहिला श्वास मिळेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहून घ्या.