रिले सोडतानाचा फटका

टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं सर्किट मी पहिल्यांदा बनवलं ते बुधवार पेठेतून आणलेल्या सुट्या भागांवर: 12 व्होल्टचा निळा चौकोनी रिले (कॉइलमध्ये करंट गेला की पट्टी ओढून पंपाचा स्विच जोडणारा), त्या कॉइलचा करंट चालू-बंद करणारा एक बीसी547 ट्रान्झिस्टर, दोन-चार रेझिस्टर. तीन आठवडे झकास चाललं. मग एका सकाळी टाकी वाहायला लागली. ट्रान्झिस्टर शॉर्ट, म्हणजे कायमचा चालू; त्यामुळे रिले ओढलेलाच.

नवा बसवला, तोही गेला. ओझं तर काहीच नव्हतं. कॉइलचा रोध 400 ओहम, म्हणजे करंट जेमतेम 30 मिलिअँपिअर; बीसी547 शंभरपर्यंत पेलतो. घोळ रिले ओढताना नव्हता, सोडताना होता.

पंप बंद होताच पाइपातून धाडकन आवाज येतो ना? वाहतं पाणी जागच्या जागी थांबायला तयार नसतं. कॉइलमधल्या करंटचंही तसंच. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी 1832 मध्ये मांडलेलं हे स्वयंप्रवर्तन: करंट तुटायला लागला की कॉइल स्वतःच व्होल्टेज उभं करते. त्याचं एककही हेन्रीच. समजा कॉइल अर्ध्या हेन्रीची आहे आणि ट्रान्झिस्टरने 30 मिलिअँपिअर दहा मायक्रोसेकंदांत तोडायचे ठरवले, तर गणिताने 1500 व्होल्ट येतात! प्रत्यक्षात तिथवर जायच्या आधीच ट्रान्झिस्टर हार मानतो, कारण त्याची हमी 45 व्होल्टचीच. एका फटक्यात मरेलच असं नाही, पण दर वेळी थोडी इजा होत राहते. जुन्या गाड्यांची इग्निशन कॉइल नेमक्या याच फटक्यावर ठिणगी पाडते; तिथे तो हवाच असतो.

इलाज रुपया-दोन रुपयांचा: कॉइलच्या दोन टोकांवर 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), चंदेरी पट्टी प्लसकडे. रिले ओढलेला असताना डायोड गप्प असतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की करंट डायोडमधून कॉइलमध्येच गोल फिरतो आणि तारेच्या रोधात जिरतो. कलेक्टरवर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या कॉइलकडच्या पायावर, पावणेतेरा व्होल्टच्या वर काही जात नाही. पट्टी उलटी लावलीत तर मात्र ट्रान्झिस्टर चालू होताक्षणी सप्लाय थेट डायोडमधून शॉर्ट. हेही मी करून बसलोय.

डायोड लावला की काम झालं असं बहुतेक जण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. करंट सावकाश जिरतो, म्हणून रिलेच्या आतली ओढलेली पट्टीही रेंगाळत सुटते, आणि पंपासारख्या लोडवर काँटॅक्ट (स्विचची जुळणारी टोकं) हळू उघडले की त्यांच्यात ठिणगी जास्त वेळ जळते. माझ्या रिलेचं झाकण काढलं तेव्हा एक काँटॅक्ट काळा पडून खडबडीत झाला होता. मग डायोडच्या रांगेत उलट्या दिशेने 24 व्होल्टचा झेनर घातला; हा असा डायोड, जो ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनेही वाट देतो. आता कलेक्टर क्षणभर 37 व्होल्टच्या आसपास जातो, 45 च्या आतच, आणि करंट कितीतरी लवकर संपतो. सोडतानाची टिकटिक कानाला जास्त कोरडी लागते.

बरेच रिले असतील तर यूएलएन2003 ही रिले चालवायची तयार चिप घ्या, त्यात डायोड आतच असतात. फक्त नऊ नंबरची पिन रिलेच्या प्लसला जोडायची. ती मोकळी ठेवली तर आतले डायोड असून नसल्यासारखे.