तयार भिंती-छतांतून वायरिंग

गिलावा आणि रंग पूर्ण झालेल्या इमारतीत भिंत किंवा छत शक्य तितके कमी फोडून विजेच्या नव्या तारा नेण्याची पद्धत. नव्या बांधकामात तारांचे पाइप आधी बसतात, गिलावा मागाहून चढतो. दुरुस्तीत हा क्रम उलटा होतो. तार ओढायला काही मिनिटे पुरतात, वेळ खाते ती तिची वाट शोधणे.

भिंत पोकळ आहे की भरीव, यावर बहुतेक सारे ठरते. लाकडी किंवा पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या भिंतीत उभ्या दांड्यांच्या मधून तार सहज खाली उतरते. आडवी न्यायची तर प्रत्येक दांडा भेदावा लागतो. छतातही तसेच : तुळयांना समांतर जाणे सोपे, छेदून जाणे कठीण. म्हणून जाणता वायरमन सरळ रेषेचा हट्ट धरत नाही. तो तार माळ्यावर चढवतो, खोलीला वळसा घालतो आणि हव्या त्या जागी खाली सोडतो. चार-पाच मीटर तार जास्त गेली तरी छत फोडून पुन्हा बुजवण्यापेक्षा ती परवडते.

मुख्य हत्यार म्हणजे फिश वायर, चपटी व लवचीक पोलादी पट्टी. एका भोकातून ती आत सरकवून दुसरीकडून टोक बाहेर काढतात, त्याला तार बांधतात, सांध्यावर चिकटपट्टी निमुळती गुंडाळतात आणि मागे खेचतात. गाठ जाड राहिली की ती वळणावर हमखास अडकते. एकाने ओढायचे, दुसऱ्याने तार पुरवत राहायची. दोघांचा ताल चुकला तर इन्सुलेशन खरचटते. उभ्या पोकळीत बारीक साखळी सोडून तिचे टोक चुंबकाने पकडता येते. रिकाम्या पाइपात दोरीला हलका बोळा बांधून तो पलीकडून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेण्याची युक्तीही चालते. भिंतीत मध्येच आडवा ठोकळा लागला, तर लांब लवचीक ड्रिल बिट वापरतात. असा ठोकळा आग पसरू नये म्हणून बसवलेला असल्यास त्यातले भोक अग्निरोधक पुट्टीने बंद करावे लागते.

विटांच्या भिंतीत झिरी, म्हणजे तार बसेल अशी लांब खाच, मारण्यावाचून गत्यंतर नसते. ब्रिटनमधील इमारत नियमांच्या मार्गदर्शनानुसार उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या १/३ पेक्षा आणि आडवी १/६ पेक्षा खोल नसावी. काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला झिरी मारून सळ्यांना धक्का लावणे धोक्याचे. आधीचा पाइप मोकळा असेल तर जुन्या तारेलाच नवी बांधून ओढतात, अर्थात वीज बंद करून.

लपलेल्या तारेला खरा धोका पुढे कधीतरी भिंतीत ठोकल्या जाणाऱ्या खिळ्याचा असतो. ब्रिटिश मानक बीएस ७६७१ नुसार ५० मिमीपेक्षा कमी खोलीवरची केबल स्विच किंवा सॉकेटच्या सरळ उभ्या-आडव्या रेषेत, नाहीतर छताच्या किंवा कोपऱ्याच्या १५० मिमी पट्ट्यात नेता येते. ती कुठे असेल याचा अंदाज नंतरच्या माणसाला यावा, हा हेतू. तिरकी तार जवळची वाटते, पण ती सापळाच ठरते. अमेरिकेत दांड्यातले भोक कडेपासून ३२ मिमीच्या आत आले तर त्यावर पोलादी पट्टी लावतात. सांधे भिंतीत गाडत नाहीत. त्यांची पेटी उघडता येईल अशीच ठेवतात.

नक्षीदार किंवा दगडी जुन्या भिंतीत कोणतीच वाट मिळत नाही. तिथे उघडी केसिंग-कॅपिंग पट्टी, म्हणजे भिंतीवरून जाणारी झाकणाची पन्हळ, बसवतात. दिसायला ती डोळ्यांत खुपते, पण भिंत शाबूत राहते.