मालक बदलला, दावा चालू: वादपत्र दुरुस्तीची पार्श्वभूमी

बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनीची रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी केंद्र सरकारकडे आली. गाड्या आणि रूळ तेच राहिले, पण नोकरी देणारा बदलला. कामगारांनी मागितलेली कपातीची, म्हणजे नोकरीवरून कमी केल्याची, भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी नाकारली. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती ‘कपात’ ठरत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. त्यानंतर औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ एफएफ नव्या रूपात आले आणि ते निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे २८ नोव्हेंबरपासून लागू मानले गेले. हस्तांतरणामुळे नोकरी गेलेल्यास भरपाई मिळेल. मात्र सेवा अखंड राहिली, अटी खालावल्या नाहीत आणि पुढे कपात झाल्यास जुन्या सेवेसह भरपाई देण्याचे दायित्व नव्या मालकावर आले, तर मिळणार नाही, अशी ती तरतूद होती.

हा प्रश्न हक्काचा झाला. दाव्याच्या कागदावर प्रतिवादी म्हणून नाव कोणाचे घालायचे, हा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते कर्मचाऱ्याचे जास्त नुकसान तिथेच होते.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ६, नियम १७ प्रमाणे वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ लेखी अर्जात, कोणत्याही टप्प्यावर दुरुस्ती करता येत असे. दुसऱ्या बाजूवर अन्याय होऊ नये आणि वादाचा खरा मुद्दा ठरवण्यासाठी दुरुस्ती आवश्यक असावी, या मुंबई उच्च न्यायालयाने १९०९ मध्ये सांगितलेल्या दोन कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये उचलून धरल्या. १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने हा नियमच वगळायचे ठरले, त्याला वकिलांनी तीव्र विरोध केला, आणि १ जुलै २००२ पासून तो परंतुकासह, म्हणजे एका अटीसह, परतला: सुनावणी सुरू झाल्यावर, योग्य तत्परता दाखवूनही मुद्दा आधी मांडता आला नसता, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच दुरुस्ती मिळेल.

उत्तराधिकारी मालकाच्या बाबतीत मात्र आधी तारीख पाहावी लागते. दावा प्रलंबित असताना एखाद्या सरकारी मंडळाची कंपनी झाली, तर त्याच संहितेच्या आदेश २२, नियम १० खाली परवानगी घेऊन दावा तिच्याविरुद्ध पुढे चालवता येतो आणि मुदत कायदा, १९६३ च्या कलम २१(२) मुळे मुदतीची अडचण येत नाही. बदल आधीच झालेला असताना जुन्या मंडळावर दावा लावला असेल, तर नव्या पक्षकाराविरुद्धचा दावा त्याला सामील केल्याच्या दिवशी दाखल झाला असे धरतात. सद्भावनेने झालेली चूक दाखवल्यास न्यायालय आधीची तारीख मान्य करू शकते. थकीत पगाराची मुदत साधारण तीन वर्षांची असल्याने, वर्षभर उशिरा सामील केलेल्या कंपनीविरुद्ध जुन्या वर्षाचा पगार मुदतबाह्य ठरू शकतो.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी चार कंपन्यांत विभाजन झाले. वीज कायदा, २००३ च्या कलम १३३ प्रमाणे बदलीनंतरच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कमी लाभदायक असू शकत नाहीत. तरीही कोणते दायित्व कोणत्या कंपनीकडे गेले, हे हस्तांतरण योजनेतच शोधावे लागते. ती वाचूनच दुरुस्ती अर्ज लिहावा. परवानगीनंतरही, वेगळी मुदत दिलेली नसेल तर चौदा दिवसांत वादपत्रावर प्रत्यक्ष दुरुस्ती करावी लागते, नाहीतर न्यायालयाने वेळ वाढवून दिल्याशिवाय ती करता येत नाही.