करमाळ्यातल्या गोळीमागचं रान: सोलापूरच्या उसात बिबट्या कसा आला

सोलापूर जिल्ह्यात वन्यजीव म्हटलं की सरकारी कागदांवर बरीच वर्षं माळढोक पक्षीच होता. १९७९ मध्ये नान्नजचा परिसर धरून जाहीर झालेलं अभयारण्य तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावठाणं, बागायती, वस्त्या सगळं त्यात आलं आणि जमिनीचे व्यवहार अडायला लागले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक दिसणं दुर्मीळ झालं होतं. लांडगा आणि काळवीट मात्र टिकले. लांडग्याशी धनगरांचा व्यवहार पिढ्यांचा आहे: रात्री मेंढ्यांभोवती वाघूर म्हणजे जाळी लावायची, कुत्री सोडायची, एखादी मेंढी गेली तरी वाडा पुढे हलवायचा. त्यामुळे त्यावर आरडाओरडा क्वचितच झाला.

बिबट्याचं तसं नाही. तो इथे पाण्याबरोबर आला. १९८० च्या सुमारास उजनी धरण भरू लागलं आणि करमाळा, माढा, पंढरपूर, माळशिरस या पट्ट्यात ऊस वाढत गेला. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तुटेपर्यंत सोळा-अठरा महिने जमिनीवर उभा असतो. माणसाच्या डोक्यावर जाणारं, सावलीचं, ओलं रान. आत रानडुक्कर, बाहेर वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या. एवढं असल्यावर बिबट्याला डोंगराची गरज उरत नाही. मादी तिथेच पिल्लं घालते. म्हणूनच तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. ती हातमोजे घालून कॅरेटमध्ये ठेवायची, त्याच जागी, संध्याकाळी, आणि माणसांनी लांब जायचं. बहुतेक वेळा आई रात्रीत घेऊन जाते. पिल्लं उचलून गावात आणली की बिथरलेली मादी फडाभोवती फिरत राहते, आणि धोका तिथून सुरू होतो.

२०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आधी बीड जिल्ह्यातल्या आष्टीत आणि मग करमाळा तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं मारली गेली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी मारायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, तीही तो माणसाच्या जिवाला धोका झाला आहे आणि पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नाही अशी खात्री झाल्यावर. आदेश निघाला आणि १८ डिसेंबरला वांगी परिसरात बिबट्या गोळीनं मेला. घाई झाली, असं एक बाजू आजही म्हणते. उशीर झाला, असं तालुक्यातले लोक म्हणतात. या वादात ‘बेशुद्ध का केलं नाही’ हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला गेला, म्हणून तो नीट पाहायला हवा.

बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट भरवशानं लागतो तो वीस-तीस मीटरच्या आत, मोकळ्या जागी, उजेडात. औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्या वेळात जनावर दुसऱ्या फडात शिरतं आणि अर्धवट गुंगीतल्या बिबट्याला उसात शोधणं म्हणजे माणूस पुढ्यात घालणं. पिंजऱ्याची अडचण वेगळी. शेळी मागच्या जाळीआड ठेवतात, दार झाकण्याला पाला लावतात, पण पिंजरा बिबट्याच्या रोजच्या वाटेवर, बांधाच्या कडेला नसेल तर तो फिरकत नाही. बघ्यांची गर्दी झाली की संपलंच. आणि पिंजऱ्यात जो सापडतो तो हल्ला करणाराच असेल, असं नाही.

माझ्या मते खरा पेच इथेच आहे: गोळी घालायची की नाही याआधी, कुठल्या बिबट्याला? करमाळ्याच्या कठीण मुरुमात पंजाच्या ठशावर भागत नाही. अंगावरचे ठिपके ओळख पटवतात, पण डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे असतात, म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही अंगांना लागतात. सर्वांत पक्का पुरावा जखमेवरची लाळ. ती टिपलेला कापसाचा बोळा मृतदेह धुण्याआधी घ्यायचा, सावलीत वाळवायचा आणि कागदी पाकिटात ठेवायचा, प्लास्टिकमध्ये तो कुजतो. ही तयारी पहिल्या हल्ल्यालाच झाली, तर आदेश लवकर देता येतो आणि योग्य जनावरावर देता येतो.

दिसेल तो बिबट्या उचलून दूर सोडायचा प्रयोग जुन्नरला २००१ नंतर झाला होता. त्याआधी वर्षाला सरासरी चारच्या आसपास असलेले हल्ले सतरापर्यंत गेले. एवढं समोर असताना प्रत्येक गावात पिंजऱ्याचीच मागणी होते, कारण पिंजरा दिसतो. कृषिपंपांना दिवसा वीज देणं दिसत नाही. थ्री-फेज रात्रीची आली की शेतकरी पिकाला पाणी द्यायला अंधारात वाकून दारं मोडत असतो, आणि बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटेलच असं नाही. सोलापुरातल्या रात्रीच्या जोखमीचं सर्वांत स्वस्त उत्तर महावितरणच्या वेळापत्रकात आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये यात वाघाची भर पडली. यवतमाळच्या टिपेश्वरमधून शेकडो किलोमीटर चालत आलेला तरुण नर धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाटात कॅमेऱ्यात दिसला आणि बार्शी तालुक्यात येऊ-जाऊ लागला. जानेवारी २०२५ मध्ये त्याला पकडून सह्याद्रीत हलवायचा प्रयत्न झाला, तो हाती लागला नाही. त्यानं मारली ती गुरं. अशा वेळी मेलेलं जनावर ओढून पुरू नये. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं, अठ्ठेचाळीस तासांच्या आत तक्रार नोंदवावी आणि पशुवैद्यकाच्या पंचनाम्यापर्यंत ते जागेवर ठेवावं. हलवलं तर भरपाई अडते, आणि उपाशी वाघ दुसऱ्या रात्री शेजारच्या गोठ्याकडे वळतो.