हात कधी थरथरतो?

माझ्या आत्याला चहा अर्धा कपच द्यावा लागतो. भरून दिला तर ओठांपर्यंत पोचेतो निम्मा बशीत. आजोबांचा हातही असाच थरथरायचा, त्यामुळे घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. सत्तरीनंतर तिची मानही हलायला लागली आणि शेजारणींनी परस्पर निदान करून टाकलं: कंपवात.

तो कंपवात नव्हता. डॉक्टर त्याला ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. पार्किन्सन्सपेक्षा तो जास्त लोकांना असतो आणि अनेकदा घराण्यातच चालत येतो. गोंधळ मुळात नावाचा आहे. पार्किन्सन्सला आपण कंपवात म्हणतो, मग थरथरणारा प्रत्येक हात त्याच खात्यात जमा होतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये या आजारावर लिहिलं, तेव्हा त्यांनीही नावात थरथरच पुढे केली होती.

हात किती थरथरतो यापेक्षा कधी थरथरतो ते बघा. टीव्हीसमोर बसलेल्या आत्याचे हात मांडीवर अगदी शांत असतात. कप उचलला, सुईत दोरा ओवायला घेतला, की दोन्ही हात कापतात. खालच्या मजल्यावरच्या काकांचं बरोबर उलटं. ते निवांत बसले की उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जपमाळेचे मणी ओढल्यासारखे फिरत राहतात. कप उचलला की थरथर बरीचशी थांबते. अर्थात हा काही पक्का नियम नव्हे, काहींना दोन्ही वेळा कापरं भरतं.

काकांना पार्किन्सन्स आहे. त्यात थरथरीपेक्षा मंदपणा महत्त्वाचा. काही रुग्णांचा हात कधीच थरथरत नाही. हालचालीसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी होत जातात आणि हालचाल आखडते. काकांना शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात, चालताना उजवा हात अंगालाच चिकटलेला असतो. चेहऱ्यावर काही उमटत नाही, म्हणून जावयाला वाटायचं, सासरे रागावलेत. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं हे तर थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. त्यांचा संबंध कोण लावणार?

सही जुळत नाही म्हणून दोघांचेही चेक बँकेतून परत आले. आत्याची सही मोठी आणि नागमोडी झाली होती. काकांची मात्र पुढे पुढे मुंगीएवढी होत गेलेली.

आणखी एक गुन्हेगार औषधांच्या डब्यात असतो. चक्करवर वर्षानुवर्षं घेतलेली सिनॅरिझिन किंवा उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं आणू शकते. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. निदान मुख्यतः तपासूनच होतं, रक्ताच्या चाचणीतून नाही.

उपचारही वेगळे. आत्याला प्रोप्रॅनोलॉल सुरू केली. दमा असता तर ती देता आली नसती. काकांना लेव्होडोपा, मेंदूत गेल्यावर तिचंच डोपामिन होतं. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असते, पण म्हणून स्वतःच्या मनाने चूर्ण सुरू करू नये, आणि चालू गोळी एकदम बंद तर मुळीच करू नये. प्रथिनांमुळे लेव्होडोपाचा असर कमी होऊ शकतो, म्हणून काकू आता गोळी दिल्यावर पाऊण तासाने वरणभाताचं ताट लावतात. आत्याने कपबशी सोडून जड बुडाचा मग घेतलाय. चहा अजून अर्धाच घेते.