चाकांवरची मांडणी : सांगलीच्या दुकानदारांसाठी माहितीपत्रक

दुकानासाठी रॅक सांगायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, किती वर्षं टिकेल? त्याचं उत्तर देण्याआधी आम्ही एकच विचारतो. पाणी आलं तर हे कुठं नेणार?

सांगलीत हा प्रश्न कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा तिथं ५७ फुटांच्या घरात गेली. मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ अशा भर बाजारात पाणी शिरलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर आम्ही आमच्या गिऱ्हाइकांच्या दुकानांत गेलो होतो. जमेल तेवढा माल लोकांनी वर नेला होता. मांडणी मात्र भिंतीला ठोकलेली, ती होती तिथंच राहिली. पार्टिकल बोर्ड फुगून हाताला भुग्यासारखा लागत होता. त्यातली काही मांडणी आमच्याच हातची होती. दुकानदार आम्हाला एका शब्दानंही बोलले नाहीत, पण ती दुकानं आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तेव्हापासून दुकानाच्या मधोमध ठेवायचा रॅक आम्ही सुटा आणि चाकांवर करतो, आणि भिंतीलगतचा असेल तर बोल्ट काढून उतरवता येईल असा.

पूर रोज येत नाही, हे खरं. पण हलवता येणारी मांडणी रोज कामाला येते. जूनमध्ये वह्या-पुस्तकं पुढं आणायची, श्रावणात पूजेचं साहित्य, गणपतीत मखरं आणि माळा, दिवाळीत आकाशकंदील. रॅक खिळलेला असला की माल हलतो आणि गिऱ्हाईक मात्र जुन्याच जागी शोधत राहतं. शिवाय रॅकखालचा केर निघतो, उंदराला घर करायला जागा राहत नाही, आणि भिंतीला ओल आली तर ती वेळेवर दिसते.

हलणं वेगळं, डगमगणं वेगळं

चाकं लावली की रॅक कच्चा होतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. आमच्या मते दोष चाकांचा नसतो, बैठकीचा असतो. उंच आणि अरुंद रॅकला चाकं लावली तर तो कलंडणारच. सहा फूट उंच आणि एक फूट खोल अशा रॅकला आम्ही चाकं लावून देत नाही, गिऱ्हाइकानं कितीही आग्रह केला तरी. तो भिंतीलाच धरायला हवा. चाकांवरच्या रॅकसाठी आमचा नियम असा, की तळाची खोली उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी नको. साडेचार फूट उंच रॅक असेल तर तळ निदान दीड फूट.

यात एक बारकावा आहे आणि तो आम्हालाही अनुभवानंच कळला. सगळीकडं फिरणारं चाक त्याच्या प्लेटच्या बरोबर खाली नसतं, थोडं बाजूला टेकतं. रॅक एका दिशेला ढकलला की पुढच्या बाजूची चाकं मागं, आतल्या अंगाला वळतात, आणि दीड फुटाची बैठक त्या बाजूला प्रत्यक्षात आखूड होते. डोळ्यांना रॅक तसाच दिसतो, पण कलंडायला सोपा झालेला असतो. म्हणून चाकांचा तळ आम्ही फळ्यांच्या खोलीपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा रुंद ठेवतो. दिसायला तो थोडा बोजड वाटतो. ते आम्ही मान्य करतो आणि तरीही तसाच करतो, कारण दुकानात लहान मुलं येतात, आणि मूल खालच्या फळीवर पाय देऊन वर चढायला बघणारच.

जड माल खाली, हलका वर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गर्दीच्या दिवशी नोकर हाताला येईल तो खोका हाताला येईल त्या कप्प्यात ठेवतो. म्हणून रॅक देण्याआधी आम्ही उलटा प्रयोग करतो. सगळं वजन वरच्या दोन कप्प्यांत ठेवायचं, एका बाजूच्या चाकांखाली दोन इंच जाड फळी सरकवायची आणि वरच्या कडेला हातानं रेटा द्यायचा. तिथं रॅक कलला तर तो वर्कशॉपमधून बाहेर पडत नाही. तुम्ही रॅक दुसरीकडून घेतलात तरी हा प्रयोग करून बघा.

फळीला पोट का येतं

पाच-सहा महिन्यांत फळी मधोमध खाली आली की लोक प्लाय हलकं निघालं म्हणतात. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा फळी लांब असते. दर फुटाला तेवढंच वजन ठेवून फळी तीन फुटांऐवजी चार फुटांची केली, तर तिचा झोल तिपटीहून जास्त होतो. दुप्पट लांब केली तर सोळापट. जाडीचं गणित उलट चालतं. १२ मिलिमीटरच्या जागी १८ मिलिमीटर प्लाय घेतलं की झोल तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. त्यामुळं चार फुटांची पातळ फळी घेण्यात वाचलेले पैसे वाचलेले नसतातच.

वह्यांचं उदाहरण घ्या. तीन फूट लांब, दहा इंच खोल आणि दहा इंच उंच कप्पा वह्यांनी गच्च भरला तर त्यात चाळीस किलोच्या आसपास कागद बसतो. एका माणसाचं नाही, पण एका शाळकरी मुलाचं वजन त्या फळीवर वर्षभर बसून असतं. स्टेशनरीच्या दुकानांसाठी म्हणून आम्ही तीन फुटांच्या पुढं जात नाही, आणि फळीच्या पुढच्या कडेखाली दीड इंचाची उभी पट्टी देतो. ही पट्टी शोभेची नाही, फळीला ताठ ठेवणारा कणा तीच आहे. भाव कमी करायला कुणी ती काढायला सांगितली तर आम्ही फळीची लांबी कमी करू, पट्टी काढणार नाही.

सांगाडा

उभे पाय आणि आडवे दांडे आम्ही एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचे करतो, १६ गेजमध्ये (गेजचा आकडा लहान तेवढा पत्रा जाड). बाजारात १८ गेजचा पाइपही तसाच दिसतो, रंग दिल्यावर तर फरक कळतच नाही. काट्यावर मात्र कळतो. १६ गेजच्या दहा फुटी तुकड्याचं वजन साडेतीन किलोच्या जवळपास भरतं, १८ गेजचं पावणेतीनच्या आसपास. रॅक घेताना तुकडा वजन करून मागितला तर कुणीही नाराज व्हायचं कारण नाही. आमच्याकडं तर जरूर मागा.

सगळा सांगाडा एकसंध वेल्डिंग केला तर तो सर्वांत घट्ट होतो, पण जुन्या पेठेतल्या अडीच फुटी जिन्यातून वर जात नाही. म्हणून दोन बाजूंच्या चौकटी वेल्डिंगच्या आणि मधले दांडे बोल्टचे, असा आमचा मधला मार्ग आहे. बोल्टला नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट असतो, तो धक्क्यानं सैल होत नाही. सगळे बोल्ट एकाच मापाचे, आणि त्याच मापाचा पाना रॅकच्या तळाशी क्लिपमध्ये अडकवलेला. रात्री दोन वाजता पाना शोधायची पाळी कुणावर येऊ नये. मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी असते. ती काढली की रॅक समोरून चौरस दिसला तरी डुगडुगायला लागतो, कारण बोल्टचे चार सांधे एकटे काटकोनात राहत नाहीत. दोन्ही बाजूंनी माल लावायचा असेल तर पट्टीऐवजी मधोमध पत्रा देतो.

रंगाआधी पाइप धुऊन, गंज काढून, फॉस्फेटिंग करून (रंग घट्ट धरावा म्हणून फॉस्फेटचा थर देऊन) मगच पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवणं होतं. एक गोष्ट लोकांना विचित्र वाटते. पाइपच्या खालच्या टोकाला आम्ही मुद्दाम लहान भोक ठेवतो. पाइप पूर्ण बंद केला तरी पुराचं पाणी सांध्यातून आत शिरतं, आणि शिरलं की बाहेर पडायला वाट नसते. मग बाहेरून रंग झगझगीत आणि आतून पाइप कुजलेला. भोक असलं की पाणी निथळून जातं. त्याच्यावर रबरी बूच बसवू नका.

प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि त्याच्याखालचा आकडा पाहावा. आयएस ३०३ मध्ये ओल सोसणारं बीडब्ल्यूआर प्लाय येतं, तसंच साधं कमर्शियलही येतं, म्हणून नुसता आकडा पाहून थांबू नका, ग्रेडही वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ते ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटू नयेत अशी त्याची कसोटी असते. पूरपट्ट्यातल्या दुकानांना खालच्या दोन फळ्या आम्ही ७१० च्याच देतो. तरीही आठवडाभर गाळात बुडालेलं प्लाय पूर्वीसारखं राहील, असं आम्ही कधीच सांगणार नाही. पाणी प्लायच्या पाठीतून कमी आणि कापलेल्या कडेतून जास्त शिरतं, म्हणून भिंतीकडची, न दिसणारी कडही आम्ही सील करतो. पार्टिकल बोर्ड २०१९ नंतर आमच्या वर्कशॉपमध्ये आलेला नाही.

चाकं

चाकाच्या डब्यावर किती किलो झेपेल ते लिहिलेलं असतं. रॅक आणि मालाचं मिळून वजन काढून लोक त्याला चारनं भागतात. आम्ही तीननं भागतो. फरशी कधीच पूर्ण सपाट नसते, त्यामुळं एक चाक नेहमी थोडं अधांतरी असतं आणि भार तिघांवर येतो. रॅक साठ किलोचा आणि माल दोनशेचा असेल तर दर चाकावर सत्त्याऐंशी किलो येतात, म्हणजे शंभर किलोचं चाक हवं.

शहाबादी फरशीचे सांधे खोल असतात, तिथं दोन इंची चाक अडकतं आणि अडकलेला रॅक जोरानं ढकलला की पुढं कलंडतो. तिथं चार इंची चाकच हवं. नव्या व्हिट्रिफाइड फरशीवर तीन इंची पुरतं. नायलॉनचं चाक हलकं फिरतं पण फरशीवर ओरखडे काढतं. काळं रबर एका जागी महिनोन्‌महिने उभं राहिलं की चपटं होतं, डागही पाडतं. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) चाक थोडं महाग, पण दुकानासाठी आम्हाला तेच पटतं. ब्रेक दोन चाकांना, गिऱ्हाइकाच्या बाजूला, पायानं दाबता येईल असे. असा ब्रेक घ्या जो चाकाचं फिरणं आणि वळणं दोन्ही थांबवतो. नुसतं फिरणं थांबवणारा ब्रेक लावला तरी रॅक जागच्या जागी कूस बदलतो. चाकाची प्लेट प्लायमध्ये स्क्रूनं कधीही बसवू नये. ती पाइपच्या तळाला वेल्डिंग केलेल्या पट्टीवर चार बोल्टनं बसते. पुरानंतर गाळ अडकलेली चाकं बदलायची म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम.

माल तसा रॅक

हळदीच्या दुकानाला फिकट मॅट सनमायका आम्ही सुचवत नाही. त्यावर हळदीचे डाग बसतात ते निघत नाहीत. हळदीचा रंग उजेडानं उडतो, तेव्हा पुडे दुपारच्या उन्हापासून मागं सरकवता येणं हाच तिथं चाकांचा मोठा उपयोग. बेदाणा आणि सुका मेवा यांना फळीची कड पुढं अर्धा इंच वर उचललेली हवी, म्हणजे पाकिटं घसरत नाहीत. साडीच्या दुकानात गादीवर बसून माल दाखवतात, तिथं नजर खाली असते. नेहमीच्या उंचीचा रॅक तिथं डोक्यावरून जातो, म्हणून तिथं साडेतीन फुटांच्या वर जाऊ नये. महाबळेश्वर-पाचगणीची दुकानं पुरात बुडत नाहीत, पण चार महिने धुक्यात असतात. तिथल्या गिऱ्हाइकांना बोल्ट आम्ही स्टेनलेसचे देतो.

पाणी वाढू लागलं की

कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की सांगलीचा दुकानदार पुलावरच्या आकड्याकडं बघायला लागतो. ४० फूट ही इशारा पातळी. आमची विनंती आहे की आकडा तिथं पोचायची वाट बघू नका. आधी तळाचे कप्पे रिकामे करा, मग रॅकला वीज जोडलेली असेल तर तिचा प्लग काढा. तो आम्ही रॅकच्या वरच्या कडेला देतो. रॅक भरलेला असताना शटरच्या उंबऱ्यावरून उचलू नका, त्यात पाठी धरतात आणि रॅकही जातो. फळ्या नुसत्या बसवलेल्या असतात, त्या उचलून घ्या. दांड्यांचे आठ बोल्ट काढा, दोन चौकटी वेगळ्या होतात आणि एकेक चौकट एक माणूस माळ्यावर नेऊ शकतो. रॅक बसवून दिल्यावर हे सगळं आम्ही तुमच्या माणसांकडून एकदा आमच्यासमोर करून घेतो. त्याला वेळ नाही असं कृपा करून म्हणू नका.

माप देताना

दुकानाची लांबी-रुंदी सगळेच देतात. आम्हाला त्याहून जास्त हवी असतात ती चार मापं म्हणजे शटर उघडल्यावरची मोकळी रुंदी, माळ्याच्या जिन्याची रुंदी, उंबऱ्याची उंची आणि पंख्याखालची उंची. तुमचा सर्वांत जड खोका काट्यावर ठेवून त्याचं वजन सांगा. दोन रॅकमध्ये तीन फूट वाट सोडूनच आम्ही आराखडा काढतो. त्यात एखादा रॅक कमी बसला तर बसू दे, पण आजी-आजोबांना आणि चाकाच्या खुर्चीतून आलेल्यांना आत यायला मिळालं पाहिजे.

आधी एकच रॅक करून घ्या, महिनाभर वापरा, मग बाकीचे सांगा. पहिल्या रॅकमध्ये जे खटकेल ते पुढच्यांत बदलून देतो, आणि पहिलाही त्याप्रमाणे दुरुस्त करतो. दिवाळीसाठी हवे असतील तर गणपतीच्या आत सांगावं लागेल, कारण पावसात पावडर कोटिंगला आम्ही घाई करत नाही. मापं घ्यायला आम्ही सकाळी शटर उघडायच्या आधी येतो, तुमच्या गिऱ्हाइकांचा खोळंबा होत नाही.